संथ विमाने, अवघड अवतरण

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तयार झालेल्या व्हिकर्स विमी या दोन इंजिनांच्या बाँबफेकी विमानाच्या पंखांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 124 चौरस मीटर होते, आणि आज भारतातल्या कोणत्याही मोठ्या विमानतळावर दिसणाऱ्या बोइंग 737-800 च्या पंखांचे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच आहे. फरक आहे तो त्या पंखांनी पेलायच्या ओझ्यात. पूर्ण भरलेल्या विमीचे वजन पाच टनांच्या आतबाहेर असे, तर 737-800 हे विमान उतरतेवेळी 65 टनांपर्यंत वजन घेऊन येते. एकूण वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की जो आकडा मिळतो त्याला पंखभार म्हणतात. विमीच्या बाबतीत तो दर चौरस मीटरला सुमारे 40 किलो भरतो आणि बोइंगच्या बाबतीत 500 च्या वर जातो. विमान किमान किती वेगाने हवेत तरंगू शकेल हे मुख्यतः पंखभाराच्या वर्गमुळावर ठरत असल्यामुळे विमी ताशी 70-80 किलोमीटरच्या आसपास वेग असतानाही जमिनीला टेकू शके, आणि बोइंगला मात्र धावपट्टी गाठताना त्याच्या तिपटीहून अधिक वेग राखावा लागतो. या आकड्यांवरून जुनी मोठी द्विपंखी विमाने उतरवणे हे सोपे काम असावे असा समज होतो. तो बराचसा चुकीचा आहे, आणि या विमानांच्या अपघातांच्या नोंदींत ज्याला वैमानिकाची चूक म्हटले आहे त्यातला मोठा भाग याच समजाशी जोडलेला आहे.

एकावर एक असे दोन पंख बसवण्यामागचे कारण बांधणीचे होते. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेला पातळ पंख एकटा स्वतःचा भार पेलू शकत नसे. पण वरखाली दोन पंख ठेवून त्यांच्यामध्ये उभे खांब आणि तिरप्या ताणतारा बसवल्या की लोखंडी पुलाच्या जाळीसारखी हलकी आणि भक्कम रचना मिळे. तिची किंमत हवेत मोजावी लागे. गोल तारेमागे हवा भोवरे करत फाटते, आणि म्हणून एवढीशी तार तिच्या सुमारे दहापट जाडीच्या पण थेंबाच्या आकाराच्या खांबाइतका वायुरोध निर्माण करते. वायुरोध म्हणजे पुढे जाणाऱ्या वस्तूला हवेकडून होणारा विरोध. अशा तारा, खांब, उघडी चाके आणि पंखांमध्ये टांगलेली इंजिने मिळून विमानाचा वेग सतत खात असतात. आधुनिक प्रवासी विमानाची इंजिने मंद केली तरी ते कित्येक किलोमीटर घसरत राहते. मोठ्या द्विपंखी विमानाचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला मिळणारे इंधन-हवेचे मिश्रण कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढला की त्याचा वेग काही क्षणांत उतरू लागतो.

या गुणधर्मातून उतरण्याच्या तंत्राचा पहिला नियम निघतो, आणि पहिली चूकही. विमान जमिनीजवळ आल्यावर वैमानिक नाक किंचित वर उचलून खाली येण्याचा वेग मोडतो आणि विमान जमिनीला समांतर करतो. या क्रियेला फ्लेअर म्हणतात. एकपंखी, घोटीव विमानांत फ्लेअर थोडा लवकर झाला तर विमान तसेच काही अंतर तरंगत जाते आणि चूक पोटात घेते. द्विपंखी विमानात तरंगण्याइतकी शिल्लक गतिज ऊर्जाच नसते. शिवाय जमिनीच्या अगदी जवळ पंखांखालची हवा दबून जो जादा आधार मिळतो त्याचा लाभ मुख्यतः खालच्या पंखाला होतो. वरचा पंख काही मीटर उंच असल्यामुळे त्याला तो कमी मिळतो. त्यामुळे इंजिन वेळेआधी मंद केले, किंवा तीन मीटरवर करायचा फ्लेअर सहा मीटरवर केला, तर विमान त्या उंचीवरच थबकते आणि सरळ खाली बसते. मोडलेली चाके, दुमडलेला खालचा पंख आणि जमिनीत रुतलेले पंखे हे या चुकीचे नेहमीचे परिणाम होत.

यापेक्षा फसवी चूक थोडी आधी, उतरणीवर होते. मैदान अजून दूर आहे आणि विमान फार खाली आले आहे असे दिसताच नाक वर उचलून पल्ला वाढवावा असे माणसाला स्वाभाविकपणे वाटते. वेग पुरेसा असेल तर त्याचा क्षणभर उपयोग होतोही; पण एका विशिष्ट वेगाच्या खाली गणित उलटते, आणि वेग जितका कमी तितकी विमान उडत ठेवायला लागणारी शक्ती अधिक, अशी स्थिती येते. पंखाचा हवेशी असलेला कोन वाढला की उचल वाढते, पण वायुरोध त्याहून वेगाने वाढतो. मग नाक वर आणि विमान खाली असा प्रकार सुरू होतो, आणि कोन आणखी वाढवल्यास पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते. यालाच स्टॉल म्हणतात. अशा वेळी वैमानिकाने नाक खाली घालून इंजिनाची शक्ती वाढवायची असते. समोर झाडांचे शेंडे दिसत असताना नाक खाली घालणे हे मात्र सांगण्याइतके सोपे नाही.

वाऱ्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो, कारण संथ विमानाला तो सर्वांत महाग पडतो. हवेच्या तुलनेत ताशी 70 किलोमीटर वेगाने उतरणारे विमान ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्याला तोंड देऊन उतरले तर जमिनीवरचा त्याचा वेग 40 भरतो. तेच विमान वारा पाठीशी घेऊन उतरले तर तो 100 होतो. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे या दोन अवतरणांतले अंतर सहापटींहून अधिक आहे. तेवढाच वारा बोइंगच्या जमिनीवरच्या वेगात दहा-बारा टक्क्यांचाच फरक पाडतो. म्हणूनच 1920 च्या दशकातली विमानतळे लांबट धावपट्ट्यांची नसून चौफेर मोकळ्या गवताळ मैदानांची होती: वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेला तोंड करून उतरता यावे, एवढीच अपेक्षा. संध्याकाळी अनोळखी मैदानावर पोहोचलेल्या वैमानिकाला धूर, झेंडा किंवा वाऱ्याची पिशवी शोधूनच आपली दिशा ठरवावी लागे, आणि त्या जड विमानांना ब्रेक बहुधा नसतच.

17 मे 1919 रोजी रोमजवळच्या चेंतोचेल्ले विमानतळावर जे घडले त्यात हे सारे धागे एकत्र येतात. हँडली पेज ओ/400 ही सुमारे 30 मीटर पंखविस्ताराची बाँबफेकी विमाने त्या काळात फ्रान्सहून इजिप्तला नेली जात होती आणि त्यांपैकी अनेक वाटेत मोडली. यांतल्या एका विमानात कैरोला निघालेले टी. ई. लॉरेन्स प्रवासी म्हणून बसले होते. विमान पोहोचले तेव्हा अंधारून येत होते. उतरताना मैदान पुरणार नाही असे वैमानिकाच्या लक्षात आले, त्याने पुन्हा इंजिने वाढवून वर जाण्याचा प्रयत्न केला, आणि विमान झाडाला धडकून उलटले. दोन्ही वैमानिक दगावले. लॉरेन्स यांचे गळपट्टीचे हाड मोडले, पण ते वाचले. उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जाण्याचा निर्णय आजच्या प्रशिक्षणात शहाणपणाचा मानला जातो, आणि तो योग्यच आहे. पण तो ज्या विमानांसाठी योग्य आहे त्यांच्याकडे वेग झपाट्याने वाढवण्याइतकी शक्ती असते. वायुरोधाने वेढलेल्या ओ/400 सारख्या यंत्राला थ्रॉटल पुढे केल्यापासून चढाई सुरू होईपर्यंत बराच अवकाश लागे, म्हणून तो निर्णय मैदानाच्या अलीकडच्या टोकालाच घ्यावा लागे. शेवटच्या काही सेकंदांत घेतलेला निर्णय ही वैमानिकाची चूक खरी. पण सायंकाळी उशिरा अनोळखी मैदानावर पोहोचण्याचे वेळापत्रकही कोणीतरी ठरवलेले असते, आणि अपघाताच्या नोंदीत त्याचे नाव सहसा येत नाही.

जमिनीला टेकण्याची पद्धत कोणती असावी, हाही वादाचा विषय आहे. या विमानांना दोन मुख्य चाके पुढे आणि शेपटाखाली एक घसरती काठी किंवा छोटे चाक असे. तिन्ही बिंदू एकाच वेळी जमिनीला लागतील अशा बेताने, स्टॉलच्या उंबरठ्यावर, नाक वर ठेवून उतरणे याला तीन-बिंदू अवतरण म्हणतात; खडबडीत आणि आखूड मैदानासाठी हीच पद्धत उत्तम, कारण विमान सर्वांत कमी वेगाने टेकते. वारा झोत मारत असेल तर मात्र शेपूट वर ठेवून, थोड्या अधिक वेगाने, आधी फक्त पुढची चाके टेकवणे बरे पडते, कारण वेगामुळे नियंत्रणे जिवंत राहतात. यात उसळी येण्याचा धोका असतो, आणि तिची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. चाके जोरात आपटली की ती थांबतात, पण मागचे वजन खालीच जात राहते, शेपूट खाली पडते, पंखांचा कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत जाते. त्या काळी धक्का झेलण्यासाठी चाकांच्या आसाला गुंडाळलेल्या रबरी दोऱ्या ती ऊर्जा जिरवण्याऐवजी बहुतांशी परत करत. घाबरलेला वैमानिक आता नाक वर-खाली करणारा नियंत्रक दांडा पुढे ढकलतो, विमान नाकावर येते, दुसरा आपटा पहिल्यापेक्षा मोठा बसतो. योग्य उपाय म्हणजे दांडा जागेवर धरून थोडी शक्ती द्यायची आणि विमानाला पुन्हा अलगद बसू द्यायचे, किंवा सरळ वर निघून जायचे.

आकार मोठा असला की यात आणखी दोन अडचणी भरीला येतात. पहिली म्हणजे डोळ्यांची उंची: छोट्या प्रशिक्षण विमानात शिकलेल्या वैमानिकाला चाके टेकतात तेव्हा गवत किती जवळ दिसते याची सवय झालेली असते, आणि कित्येक मीटर उंचीवरच्या कॉकपिटमध्ये बसल्यावर तीच सवय त्याला खोटे सांगते. दुसरी म्हणजे प्रतिसादाची दिरंगाई. पंखांच्या टोकाशी असलेल्या एलेरॉन नावाच्या झडपा हलवून विमान एका बाजूला झुकवले जाते. पण लांब पंख आणि त्यांमध्ये टांगलेली जड इंजिने यांच्या जडत्वामुळे विमान क्षणभर काहीच करत नाही. वैमानिक आणखी दांडा फिरवतो, तोवर पहिल्या आज्ञेचा परिणाम सुरू होतो, आणि दोन्ही मिळून गरजेपेक्षा जास्त झुकाव येतो. अशी विमाने उडवणारा वैमानिक पुढच्या दोन सेकंदांचा विचार आधी करणारा असावा लागे.

चाके टेकल्यावर विमान उतरले असे मानणे, ही शेपटाखाली चाक असलेल्या विमानांतली सर्वांत जुनी चूक आहे. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह मागे घेताना ट्रॉली जराशी तिरपी झाली की चालकाने लगेच सावरले नाही तर ती आणखी तिरपी होत जाते. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे असलेल्या विमानाचेही जमिनीवर धावताना तसेच होते. नाक जरासे वळले की मागचे वजन त्याला त्याच दिशेने आणखी वळवते, आणि काही क्षणांत विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. याला ग्राउंड लूप म्हणतात. द्विपंखी विमानात अशा वेळी बाहेरच्या बाजूचा खालचा पंख जमिनीला घासतो आणि खांब-तारांची सारी जाळी पिळवटते. वेग जसजसा उतरतो तसतसे शेपटावरचे सुकाणू निकामी होत जाते, म्हणजे मदत नेमकी गरजेच्या वेळी संपते. त्यामुळे धाव पूर्ण संपेपर्यंत दांडा मागे ओढून शेपूट जमिनीला दाबून धरणे आणि पाय सुकाणूवर सतत कामात ठेवणे, हा नियम आजही शिकवला जातो.

जमीन कशी आहे हे वरून ओळखणे ही स्वतंत्र कला होती, आणि तीत नामवंतही चुकले. 15 जून 1919 च्या सकाळी जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन यांनी न्यूफाउंडलंडहून सोळा तासांच्या आसपास अखंड उड्डाण करून विमीने अटलांटिक ओलांडला आणि आयर्लंडमधल्या क्लिफडेनजवळ मार्कोनी बिनतारी केंद्राशेजारी एक छानसे हिरवे कुरण पाहून ते उतरले. ती डेरीगिमला इथली दलदल होती. केंद्रातले लोक हात हलवून धोका सांगत होते, त्याला स्वागत समजून दोघांनी प्रतिसाद दिला, असे सांगितले जाते. चाके रुतली, नाक चिखलात गेले, शेपूट वर राहिले. दोघांनाही इजा झाली नाही, आणि यात मोठा वाटा अर्थातच त्या कमी वेगाचा होता. ते विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. 2005 मध्ये स्टीव्ह फॉसेट आणि मार्क रेबहोल्झ यांनी विमीच्या प्रतिकृतीतून हाच प्रवास केला, तेव्हा त्यांनी क्लिफडेनजवळचेच गोल्फचे मैदान निवडले.

त्याच 1919 साली रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ हे बंधू, बेनेट आणि शायर्स या दोन यांत्रिकांसह, विमीतून इंग्लंडहून 12 नोव्हेंबरला निघाले आणि कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत 10 डिसेंबरला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोहोचले. त्यांच्या प्रवासाचा वृत्तांत म्हणजे उतरण्याच्या तंत्राचा पाठच आहे. सिंगोरा, म्हणजे आजच्या थायलंडमधले सोंगखला, इथल्या मैदानात झाडांची खोडे तशीच राहिली होती. चाके त्यांतून वाचली, शेपटाखालची काठी मात्र उखडली गेली आणि नवी घडवावी लागली. सिंगापूरला घोड्यांच्या शर्यतीच्या आखूड मैदानात उतरायचे होते आणि विमानाला ब्रेक नव्हते. तेव्हा बेनेट आपल्या जागेवरून बाहेर आला आणि चाके टेकण्याच्या सुमारास विमानाच्या पाठीवरून घसरत शेपटापर्यंत गेला. त्याच्या वजनाने शेपूट झटकन खाली बसले, काठी जमिनीत रुतली, उभ्या झालेल्या पंखांनी हवा अडवली, आणि विमी सुमारे शंभर यार्डांत थांबले. हीच गोष्ट त्याने थोडी आधी, विमान चांगले हवेत असताना केली असती तर गुरुत्वमध्य मागे सरकून विमान स्टॉल झाले असते. सारी करामत वेळेची होती. पुढे सुराबायाला चाके मऊ जमिनीत फसली, तेव्हा आसपासच्या घरांतल्या बांबूच्या चटया अंथरून त्यांना उड्डाणासाठी वाट करून द्यावी लागली. मुंबईलाही हा प्रश्न नवा नाही: 1932 मध्ये टाटांची टपालसेवा सुरू झाली तेव्हा जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, आणि तेवढ्या काळापुरता सगळा पसारा पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवला जाई. ती विमाने एकपंखी होती, पण चिखलाला त्याचे काय?

मोठ्या द्विपंखी विमानांचे सर्वांत परिपक्व रूप म्हणजे हँडली पेज एच. पी. 42. नोव्हेंबर 1930 मध्ये पहिले उड्डाण झालेल्या या चार इंजिनांच्या प्रवासी विमानांचा पंखविस्तार सुमारे 40 मीटर, म्हणजे 737-800 पेक्षाही अधिक होता. एकूण आठच बांधली गेली, आणि इंपीरियल एअरवेजने त्यांतली काही युरोपच्या मार्गांवर तर काही कैरो–कराची मार्गावर चालवली. त्यांच्या वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट, म्हणजे वेग कमी होताच आपोआप पुढे सरकून पंखावरची हवा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या होत्या. ही कल्पना फ्रेडरिक हँडली पेज आणि जर्मनीचे गुस्टाव लाखमान यांनी स्वतंत्रपणे मांडली होती. शांततेच्या काळातल्या प्रवासी सेवेत या विमानांत एकही प्रवासी दगावला नाही. पुढे युद्धकाळात, 1 मार्च 1940 रोजी, हॅनिबल हे विमान जिवनीहून शारजाकडे जाताना ओमानच्या आखातावर आठ जणांसह नाहीसे झाले. त्यात मद्रासचे राजकीय नेते सर ए. टी. पनीरसेल्वम होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोणी नवे मोठे द्विपंखी विमान बांधील असे वाटत नव्हते, पण 31 ऑगस्ट 1947 रोजी ओलेग अँटोनोव्ह यांचे एएन-2 उडाले आणि पुढे ते अठरा हजारांच्या वर बांधले गेले. एक हजार अश्वशक्तीचे एकच इंजिन, साडेपाच टन वजन, वरच्या पंखाला आपोआप उघडणारे स्लॅट, दोन्ही पंखांना फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली झुकवायच्या मागच्या झडपा, आणि फ्लॅपबरोबर खाली झुकणारे एलेरॉन, असा हा सारा संच हळू उडण्यासाठी आहे. ढगात किंवा रात्री इंजिन बंद पडले तर नियंत्रक दांडा पूर्ण मागे ओढून धरावा, स्लॅट उघडतात आणि विमान पॅराशूटच्या गतीने खाली बसते, ही त्याच्या पुस्तिकेतली सूचना वैमानिकांत फार प्रसिद्ध आहे. या प्रसिद्धीनेच नुकसान केले आहे. ती सूचना जमीन दिसत नसतानाच्या अखेरच्या उपायाची आहे; विमान त्यात मोडू शकते, माणसे वाचावीत एवढाच हेतू. तिचा अर्थ ‘हे विमान स्टॉल होतच नाही’ असा लावून जो वैमानिक नेहमीचे अवतरण त्या थराला नेतो, त्याच्याजवळ झोताला किंवा खाली ओढणाऱ्या हवेला उत्तर देण्यासाठी काहीच उरत नाही. एएन-2 उतरवण्याची नेमस्त रीत नेमकी उलट आहे: फ्लेअर पूर्ण होईपर्यंत थोडी शक्ती चालू ठेवायची, कारण पंख्याच्या झोतानेच शेपटावरच्या झडपांना बळ मिळते, चाके टेकल्यावर थ्रॉटल हळूहळू मागे घ्यायचे, शेपटाचे चाक सरळ अवस्थेत कुलूपबंद ठेवायचे, आणि हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक थोडे थोडे लावायचे, कारण एकदम दाबले तर विमान नाकावर जाते.

आज अशी विमाने उडतात ती प्रदर्शनांत, संग्रहालयांच्या कार्यक्रमांत किंवा दुर्गम भागांत, आणि बहुतेक वेळा त्यांना डांबरी धावपट्टीवर उतरावे लागते. मूळ वैमानिकांनी गवतावर वाऱ्याकडे तोंड करून जे टाळले तो आडवा वारा आजच्या वैमानिकाला धावपट्टीच्या दिशेमुळे घ्यावाच लागतो, आणि गवतात रुतणारी शेपटाची काठी डांबरावर नुसती घसरते. या स्थितीत झालेल्या ग्राउंड लूपची नोंद वैमानिकाच्या नावावर होते. मोठा पंख आणि कमी भार यांचे वाऱ्याशी असलेले वैर विमान थांबल्यावरही संपत नाही. म्हणून वाऱ्यात जमिनीवर चालताना नियंत्रणे योग्य दिशेला धरून ठेवावी लागतात आणि उभे करताच विमान दोरखंडांनी जमिनीला जखडावे लागते. वर्षानुवर्षे सुखरूप उतरलेली हॅनो आणि हेराक्लीस ही दोन एच. पी. 42 विमाने 19 मार्च 1940 रोजी ब्रिस्टलजवळच्या व्हिचर्च विमानतळावर उभी असताना वादळी वाऱ्याने उचलून आपटली आणि दुरुस्तीपलीकडे मोडली; तेव्हा त्यांत वैमानिक नव्हता.